नौपाड्यातलं झेरॉक्सवालं दुकान आणि आमची २३ जणांची पुस्तिका

दुकानाचं नाव विचारू नका, बोर्डावरची बाकीची अक्षरं कधीच उडालीत, आता फक्त 'झेरॉक्स' एवढंच वाचता येतं. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, गोखले रोडने चालत सुटायचं, राम मारुती रोडच्या गर्दीत शिरायचं नाही (शिरलात की कुर्ता घेऊनच बाहेर याल, माझं दोनदा झालंय) आणि नौपाड्याच्या आतल्या गल्लीत वळायचं. बाहेर लग्नपत्रिकांचे नमुने लटकवलेत, उन्हाने पिवळे पडलेले. आत दोन कॉम्प्युटर, एक दणकट झेरॉक्स मशीन, कागद कापायचं कटर, आणि कॉम्प्युटरवर ताई. दुकान काकांचं आहे पण काका गल्ल्यावर बसून पेपर वाचतात, काम ताई करतात, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते. आमचा कवितांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तीन वर्षं झाली, २३ जण. सगळे हौशी, निम्म्यांना तर स्वतःला कवी म्हणवून घ्यायची अजून लाज वाटते. नेरुळचे बँकेतून रिटायर झालेले काका, बदलापूरच्या शाळेतल्या बाई, ऐरोलीला आयटीत असलेला एक पोरगा, घोडबंदरची एक डेंटिस्ट, मी कळव्याची, असे सगळीकडचे. दर सोमवारी नेरुळचे काका एक ओळ देतात आणि ज्याला जमेल त्याने त्यावर लिहायचं, गझलवाले त्याला तरही म्हणतात, बाकीचे आम्ही गृहपाठ म्हणतो. रात्री भांडी-बिंडी आवरली की साडेनऊनंतर एकेक कविता पडायला लागते आणि खाली वाह, क्या बात, कडक, जोडलेले हात, फुलं. कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. एकदाच काकांनी कोणाला तरी 'तिसऱ्या शेरात अलामत सुटलीये' (म्हणजे यमकातला ठरलेला स्वर चुकलाय) एवढं लिहिलं होतं आणि नंतर स्वतःच दोन दिवस सॉरी म्हणत होते.

तर जानेवारीत टूम निघाली की पुस्तक काढू. आधी रीतसर चौकशी केली. एका ठिकाणी (नाव नको) प्रत्येकी अकराशे रुपये, दोन पानं, एक प्रत आणि वर एक सन्मानपत्र. सन्मानपत्र कशाबद्दल विचारलं तर म्हणे सहभागाबद्दल. दुसऱ्या ठिकाणी वीस मिनिटं फोनवर 'तुमच्या लेखणीत ताकद आहे' ऐकलं, तेही एकही कविता न पाठवता. शेवटी डेंटिस्ट बाई म्हणाली की आपल्याला पुस्तक विकायचं नाहीये, आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) नकोय, आपल्याला हातात धरायचंय फक्त, मग कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जाऊ. तिच्या क्लिनिकची लेटरहेड या दुकानात छापतात म्हणून इथे.

हिशोब आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. ए-फाईव्ह साइज, ४८ पानं, मध्ये पिना, कव्हर रंगीत २५० जीएसएमचं, आतला कागद साधा ७५ जीएसएम, ऑफिसात असतो तोच. एका प्रतीला ६५ रुपये, ६० प्रती, म्हणजे ३,९००. टायपिंग नव्हतं, नुसतं सेटिंग आणि प्रूफ, पानाला ३० रुपये, म्हणजे १,४४०. एकूण ५,३४०. आम्ही अडीचशे-अडीचशे काढले होते, ४१० उरले, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आता खरी गंमत. ऐरोलीच्या पोराने ग्रुपवरून सगळ्यांच्या कविता कॉपी करून एका फाइलमध्ये टाकल्या आणि पेन ड्राइव्ह दिला. ताईंनी फाइल उघडली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाल्या, 'हे काय आहे हो?' प्रत्येक कवितेच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव, शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना फुल्या कारण व्हॉट्सॲपवर अक्षर जाड करायला फुली टाकतात, मध्येच कोणाचं तरी 'काकू गॅस बंद केला का' हेही आलेलं. ती ओळ म्हणे मुक्तछंदात इतकी छान बसली होती की ताईंना आधी कवितेतलीच वाटली.

मग फॉन्टचं. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं, फॉन्टही जुने, आमचं सगळं युनिकोडमध्ये. कन्व्हर्टरमधून काढलं की बरंचसं नीट येतं पण 'ॲ'च्या जागी चौकोन आणि तो आडवा भुवईसारखा र असतो ना, 'ऱ्या'मधला, त्याचा सरळ रफार होतो. 'तऱ्हा'ची 'तर्हा', 'बिचाऱ्या'चा 'बिचार्या'. ताईंनी एकेक शोधून हाताने बदललं, माझ्यासमोर बसून, आणि हे तीस रुपयांत. कन्व्हर्टरने दिलं तसं छापून मोकळी होणारी दुकानंही मी पाहिलीत, सोसायटीच्या अहवालात दरवर्षी 'सर्वसाधारण'चा जो काही अवतार होतो तो बघून पोट दुखतं.

गझलांची वेगळी भानगड. ऐरोलीच्या पोराच्या गझला लांब वृत्तात, गालगागा गालगागा गालगागा गालगा, (गा दोन मात्रांचा, ल एकीचा) म्हणजे ओळीला सव्वीस मात्रा, ए-फाईव्हच्या पानावर चौदाच्या टाइपात ती ओळ मावतच नाही, शेवटचे दोन शब्द खाली पडतात. खाली पडले की शेर दोन ओळींचा न दिसता चार ओळींचा दिसतो आणि रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी येणारा तोच शब्द, एकटाच लोंबकळतो. ताई म्हणाल्या, 'ओळ तोडत नाही, टाइप बारा करते, पण मग याच्या दोन पानांचाच बारीक दिसेल, चालेल का विचारा.' मी तिथूनच ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत अकरा जणांनी लिहिलं की मग सगळ्यांचंच बारा करा, त्याचं एकट्याचं बारीक नको. नेरुळच्या काकांनीही लिहिलं, ज्यांना बारा वाचायला भिंग लागतं.

पण मी हा रिव्ह्यू लिहितेय तो मुख्यतः पुढच्या गोष्टीसाठी. माझी एक अष्टाक्षरी (ओळीला आठ अक्षरं) होती, ग्रुपवर टाकली तेव्हा सतरा जणांनी वाह म्हटलेली. अशी:

रोज सातची लोकल
उभी दारात मी राही
खाडीवरचा तो वारा
माझे केस विस्कटून जाई

प्रूफ बघायला गेले तर ताईंनी शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलने छोटासा प्रश्न काढलेला. मला वाटलं शुद्धलेखन. त्या म्हणाल्या, 'नाही हो, मी बसवताना गुणगुणते, ही ओळ चालीत बसेना.' मग त्यांनी खरंच गाऊन दाखवलं, हळू आवाजात, ओवीसारखं, टेबलावर बोटांनी ताल धरून, आणि चौथ्या ओळीला बोटं अडखळली. मी मोजली. दहा अक्षरं. अष्टाक्षरीत दहा! मी घरी मोजली होती याची शपथ घेऊ शकते, कशी मोजली होती देव जाणे. ताई म्हणाल्या, 'माझे कशाला हवंय? दारात तुम्ही उभ्या, मग केस दुसऱ्या कोणाचे असणार?' 'माझे' काढलं. केस विस्कटून जाई. आठ.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला आणि ती ओळ पाच-सहा वेळा म्हणून बघितली आणि हसायला आलं. त्या गेली अठरा वर्षं भजनी मंडळांच्या वह्या, आरत्या, हळदीकुंकवाच्या गाण्यांच्या पुस्तिका बसवतायत, अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांची चाल त्यांच्या बोटांत बसलीये, वृत्ताचं नाव एकही सांगता येणार नाही. आम्ही तीन वर्षं एकमेकांना फुलं पाठवतोय आणि मोजलं कोणी तर पानाला तीस रुपये घेणाऱ्या बाईने. ग्रुपवर हे सांगितलं तर नेरुळचे काका म्हणाले, 'मला तेव्हाच खटकलं होतं पण तुम्ही नवीन होतात.' काका!! सांगायचं ना. तेव्हापासून एक नवीन पद्धत पडलीये, कविता टाकताना खाली 'मोजा' असं लिहिलं की मोजायचं, नाही लिहिलं तर नुसतं वाह. बहुतेक जण अजून लिहीत नाहीत.

आणखी एक. २३ जण, प्रत्येकी दोन पानं, ४६. पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात, एक ए-फोर कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात म्हणून. म्हणजे ४८, दोन कोरी. मनोगत तर कव्हरच्या आतल्या बाजूला बसवलं होतं. मी म्हटलं ठेवा कोरी, सह्यांना होतील. ताई म्हणाल्या, 'त्या फाइलमध्ये कवितांच्या खाली तुमचं जे बोलणं होतं ते मी काढून टाकलं, पण त्यातलं थोडं घ्या की इथे, मला तर तेच वाचायला मजा आली.' आणि दाखवलं काय, तर मागच्या पावसाळ्यातलं. नेरुळच्या काकांची चारोळी,

पाऊस आला म्हणून मी
दोघांचा चहा टाकला
ती काही आलीच नाही
एक कप तसाच राहिला

आणि त्यावर बदलापूरच्या बाईंनी स्टेशनात अडकलेल्या असताना दिलेलं उत्तर,

तो कप इकडे पाठवा
बदलापुरात पूर आहे
तिच्यापेक्षा लोकलची
वाट पाहणं क्रूर आहे

असे सहा-सात सवाल-जवाब निघाले, दोन पानं भरली. पुस्तिका घरी नेल्यावर नवऱ्याने आधी तीच दोन पानं वाचली, मग माझी, ती पण मी समोर उभी राहिले म्हणून.

आता तक्रारी. एक, वेळ. गुरुवारी देतो म्हणाले आणि दिलं रविवारी सकाळी साडेनऊला, आमचा कार्यक्रम अकराला. मराठी भाषा दिन २७ फेब्रुवारीला, त्याच्या पुढचा रविवार धरला होता, तेव्हा शाळांची कामं असतात हे मान्य, पण मग गुरुवार सांगायचा नाही. फोन केला की दुकानातले काका 'होतंय, होतंय' म्हणतात, ताईंना फोन देत नाहीत. दोन, मधल्या पानांचे नंबर अर्धे कापले गेलेत, पिनेची पुस्तिका दुमडली की मधली पानं बाहेर सरकतात आणि कटरखाली तीच जास्त जातात, हे त्यांना माहीत असायला हवं होतं, आम्हाला नव्हतं. तीन, दुपारी दीड ते चार बंद. चार, जीपे चालतं पण क्यूआर मुलाच्या नावाचा आहे आणि मुलगा दुकानात असेल तरच काका घेतात, नाहीतर रोख. मी भर उन्हात एटीएम शोधत हिंडले.

आणि पाचवं म्हणजे दर्या. सगळे भुवईवाले र ताईंनी दुरुस्त केले पण एक सुटला, पान ३१ वर. डेंटिस्टच्या कवितेत 'येऊरच्या हिरव्या दऱ्या' होतं, ते 'येऊरच्या हिरव्या दर्या' छापलं गेलं. म्हणजे डोंगरावर समुद्र. हे कळलं कधी, तर कार्यक्रमात, तलावपाळीला तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसून ती स्वतः सगळ्यांसमोर वाचत असताना. ती थांबली, परत वाचलं, आणि जे हसायला लागली की पेडल बोटीतली माणसं वळून बघायला लागली.

कार्यक्रम म्हणजे काय, २३ पैकी सतरा आले, त्यातल्या नऊ जणांना मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. सगळे आधी अवघडलेले, ग्रुपवर रोज रात्री बोलणारी माणसं समोर आल्यावर 'नमस्कार, आपण?' करत होती, मग एकेकाने आपली ओळ म्हटली की 'अरे तुम्ही होय!' नेरुळचे काका सांगत होते की २०१० ला ठाण्यात ८४वं साहित्य संमेलन झालं तेव्हा ते मागच्या खुर्चीत श्रोते म्हणून दोन दिवस बसले होते, खिशात कविता घेऊन, आणि तशीच घरी आणली. मग पी. सावळारामांचा विषय निघाला, कवी माणूस ठाण्याचा नगराध्यक्ष होता, हे ऐरोलीच्या पोराला माहीतच नव्हतं, तो म्हणे मग पाण्याचं बिल यमकात यायचं का. उरलेले ४१० घालून आणि वर आणखी काढून मामलेदारची मिसळ खाल्ली, तिखटाने डेंटिस्टच्या डोळ्यांतून पाणी, तर काका म्हणाले बघा, दर्या.

एक प्रत ताईंना द्यायला मी परत गेले. त्यांनी आधी पान ३१ उघडलं, त्यांना कोणीतरी कळवलं होतं. 'पुढच्या वेळी फुकट नीट करून देते' म्हणाल्या, चेहरा पडलेला. मी म्हटलं राहू दे हो. एक प्रत मराठी ग्रंथसंग्रहालयात द्यायचीये, १८९३ पासूनची संस्था आहे, तिथे आपला अर्धा कापलेला पान नंबर घेऊन जायची हिंमत अजून गोळा करतेय.

पाचपैकी चार देते. एक वेळेचा कापला. लग्नपत्रिका, लेटरहेड काहीही करायचं असेल तर जा, पण सकाळी साडेदहाच्या आसपास जा म्हणजे ताई मोकळ्या असतात, फाइल देताना फुल्या आणि तारखा आधी काढून द्या, रोख ठेवा, आणि जी तारीख सांगतील त्यात तीन दिवस मिळवा.

प्रती संपल्या म्हणून आता आणखी ४० काढायच्यात. 'दऱ्या' करायचं की 'दर्या'च ठेवायचा यावर ग्रुपवर कालपासून वाद चाललाय, आणि या सोमवारी काकांनी ओळ दिलीये: 'येऊरच्या डोंगरावर लाट आली'.