एस्केप रूम की पेठेतला खजिना? आधी माणसं मोजा

चार-सहा जण जमले आणि "या वेळी नुसतं जेवायला नको, काहीतरी वेगळं करू" असं निघालं की पुण्यात हल्ली दोन गोष्टी सुचवल्या जातात. एक एस्केप रूम: एखाद्या मॉलमध्ये किंवा व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर तासाभरासाठी स्वतःला कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत बाहेर पडायचं. आत जंगलातलं पडकं देऊळ असेल, चाच्यांचं जहाज असेल, नाहीतर बंद पडलेली सोन्याची खाण. दुसरा पेठांमधून पायी खेळायचा खजिन्याचा शोध. दोन्हींत कोडी आहेत, टीम आहे, घड्याळ आहे. लोक मात्र निवड करतात पोस्टर बघून, आणि मला ते मुळीच पटत नाही. थीम दहा मिनिटांत डोळ्यांना सवयीची होते. पुढची पन्नास मिनिटं कशी जातील हे तुम्ही किती जण आहात आणि कोण कोण आहात यावरच ठरतं.

एस्केप रूमपासून सुरुवात करू. प्रत्यक्ष खोलीत खेळायचा हा प्रकार जपानचा. २००७ साली क्योटोमध्ये ताकाओ कातो यांनी तो सुरू केला. त्याआधी असे खेळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते, चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करत खोलीतून सुटायचं. पडद्यावर एकटा माणूस खेळतो. खोलीत तोच खेळ पाच-सहा जणांच्या हातात आला, आणि त्यातली खरी गंमत आणि खरी अडचण तिथेच आहे.

एका वेळी समोर उघडता येईल असं कुलूप एकच असेल आणि माणसं आठ असतील, तर दोघं खेळतात आणि सहा जण बघतात. त्यामुळे बुकिंगच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हा: कोडी एकामागून एक सुटतात, की तीन-चार धागे एकदम सुरू होतात? पहिल्या प्रकारच्या खोलीत चौघांच्या वर जाऊच नका. दुसऱ्या प्रकारात सहा जण छान रमतात, कारण दोघं नकाशापाशी असतात, दोघं पेटीपाशी, एक जण भिंतीवरच्या खुणा मोठ्याने वाचत असतो आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं एकाच दारावर लागतात. "आठ जणांपर्यंत" असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा किती माणसं मावतात त्याचा आहे, किती जण खेळू शकतात त्याचा नव्हे.

मध्यंतरी आमचा पाच जणांचा ग्रुप खाणीच्या थीमची एक खोली खेळला. लाकडी पेटीला चार आकडी कुलूप होतं आणि त्यातले तीन आकडे मिळाले होते. चौथ्यासाठी आम्ही चौघं कंदील उचलून, सतरंजी उलटून, रुळावरच्या ढकलगाडीखाली हात घालून शोधत होतो. माझी मेहुणी पेटीशेजारी मांडी घालून बसली आणि शेवटचं चाक एकेक घर पुढे सरकवत कडी ओढून बघायला लागली. सहावर कडी सुटली. हिशोब साधा आहे. चार आकडी कुलुपाच्या दहा हजार शक्यता असतात, पण तीन आकडे ठाऊक असले की उरतात फक्त दहा. ती एरवी चारचौघांत फारसं बोलत नाही. त्या दिवशी पुढची वीस मिनिटं सगळे तिलाच विचारून हालचाल करत होते. लहान टीममध्ये असा माणूस दिसतो. आठ जणांच्या गर्दीत तिच्या हाताला ती पेटी लागलीच नसती.

एस्केप रूमचा दुसरा मोठा गुण म्हणजे सगळं कोणीतरी आधीच नीट रचलेलं असतं. गेम मास्टर कॅमेऱ्यातून बघत असतो, अडलात की वॉकीटॉकीवर किंवा पडद्यावर हिंट देतो. मूर्ती योग्य जागी ठेवली की आतल्या चुंबकामुळे कप्पा आपोआप उघडतो. ते पहिल्यांदा घडतं तेव्हा मोठी माणसंही ओरडतात. घरच्या घरी रचलेल्या खेळात हे जमत नाही. भर पावसाळ्यात, जुलैच्या रविवारी, खोलीला तोड नाही.

आता उणीव. बहुतेक खोल्यांमधले क्लू इंग्रजीत असतात, आणि कोडी शब्दांवर बेतलेली असली की मराठी माध्यमातला सहावीतला मुलगा किंवा आजी मागे राहतात. बुद्धी कमी पडते म्हणून नाही, तर कोडं त्यांच्या भाषेत नसतं म्हणून. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण कोडी घालण्यात आपल्या आज्या कोणाला हार जाणाऱ्या नाहीत. अशी माणसं बरोबर असतील तर चिन्हं, आकडे आणि वस्तू यांवर चालणारी खोली मागून घ्या.

आणि दाराबद्दल विचारा. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. सुटकेची वाटच धड नव्हती. जिथे मुख्य दार खेळापुरतं बंद असतं पण आतून कधीही उघडता येतं, किंवा वीज गेली की चुंबकी कुलूप आपोआप सुटतं, तिथेच खेळा. हे विचारल्यावर काउंटरवरचा माणूस उडवाउडवी करायला लागला तर पैसे भरू नका. बंद जागेत जीव घाबरा होणारं कोणी असेल तर खोलीचा विषय तिथेच संपवा, आग्रह करू नका.

पेठेतल्या खजिन्याचं गणित उलटं आहे. तिथे माणसं जितकी जास्त तितकी मजा जास्त, कारण चार-चार जणांच्या टीम पाडता येतात. बारा जण, सोळा जण, अख्खं खानदान, ऑफिसचा पूर्ण विभाग, कोणीही चालेल. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचा पट्टा पायी पंधरा-वीस मिनिटांचा आहे आणि त्यात लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा सगळं आसपासच येतं. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडई ही मेट्रो स्टेशनं सुरू झाल्याने गाडी लावायची कटकटही उरली नाही. रविवारी सकाळी सातला सुरू करा, रस्ते तुमचेच असतात.

शिवाय या भागातल्या देवळांच्या नावांनी अर्धी कोडी तयारच ठेवली आहेत. "पोट रिकामं, हात कमरेवर" एवढं चिठ्ठीत लिहा, उपाशी विठोबा मिळाला. "थंडी वाजत नाही असा देव" म्हणजे पासोड्या विठोबा, कारण पासोडी म्हणजे जाड पांघरूण. जिलब्या मारुती, बटाट्या मारुती, खुन्या मुरलीधर... यांना कोडी करायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. इथे आजोबा पुढे आणि नातवंडं मागे धावतात, आणि मला या खेळातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

मात्र एक पथ्य पाळा. मोबाइलवर सापडेल असं काही विचारू नका. मंडईची इमारत १८८६ ची, शनिवारवाड्याचं बांधकाम १७३० ला सुरू होऊन १७३२ ला वास्तुशांत झाली, हे आकडे जागचं न हलता मिळतात. त्याऐवजी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाच्या एका आडव्या ओळीतले खिळे मोजायला लावा, मंडईच्या मनोऱ्याला बाजू किती ते विचारा. त्यासाठी तिथे जाऊन मान वर करावीच लागते. मोडी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर एक ओळ मोडीत लिहून घ्या आणि अक्षरांचा तक्ता दोन थांब्यांनंतर हाती लागेल अशी व्यवस्था करा. चिठ्ठ्या देवळात किंवा वाड्याच्या भिंतीवर चिकटवू नका. बंद पाकिटं ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवा किंवा उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की पुढचा क्लू पाठवा.

इथली खरी किंमत पैशांत नाही, रचणाऱ्याच्या वेळेत आहे. कोणीतरी एकाने दोन-तीन संध्याकाळी बसून कोडी लिहायची, वाट चालून बघायची आणि खेळाच्या दिवशी स्वतः खेळायचं नाही. असा उत्साही माणूस तुमच्यात नसेल तर पेठेचा बेत कागदावरच राहील, मग खोली घेतलेली बरी. खोलीचा दर बहुतेक ठिकाणी माणशी असतो आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तो कमी पडतो. गुडघे दुखणारं कोणी असेल तर पेठेतली फेरी अर्ध्यावर आणा, लाल महाल ते तुळशीबाग पुरे.

तेव्हा माझी शिफारस अशी. कॉलेजचे किंवा ऑफिसातले चार-पाच जण, एकमेकांशी बऱ्यापैकी बोलणारे, हातात एक संध्याकाळ: डोळे झाकून एस्केप रूम. नवीन टीम असेल, लोक एकमेकांना बिचकत असतील, तरीही खोलीच, पण तीन-तीन जणांच्या दोन खोल्या एकाच वेळी घ्या. तीन पिढ्या, मुंबई-नाशिकहून आलेले पाहुणे, दहाच्या वर डोकी: पेठ. सात किंवा आठ जण हा आकडा सगळ्यात अवघड, कारण खोलीत दाटी आणि पेठेत जेमतेम दोन टीम. त्यात लहान मुलं असतील तर पेठ घ्या, नसतील तर दोन खोल्या.

आणि तिघंच उरलात, बाहेर पाऊस आहे, तर 'एक्झिट' सारखा डब्यातला खेळ टेबलावर मांडा. चौघांपर्यंत खेळता येतो. त्यात पानं कापावी, दुमडावी लागतात, म्हणून तो एकदाच खेळता येतो. कात्री लावण्याआधी पानांचे फोटो काढून ठेवलेत तर त्यांच्या प्रिंटवर शेजारचेही खेळू शकतील.