पाटी नसलेल्या माडीवरची ठुशी दुरुस्ती (सांगली) : साडेचार स्टार

आज्जीची ठुशी होती, मागचा गोंडा कुजलेला, अकरा मणी सुटून कागदाच्या पुडीत. आधी एका मोठ्या शोरूमला गेले, नाव लिहीत नाही, एसी मस्त होता आणि ताक पण दिलं. तिथल्या पोरानं ठुशी काट्यावर टाकली आणि म्हणाला मॅडम हे मोडीत घाला, नवीन डिझाईन बघा, असलं रिपेरिंग आम्ही घेत नाही. म्हटलं मग तुमचे दागिने घडवतं कोण, तर म्हणे कारागीर बाहेर असतात. बाहेर म्हणजे कुठं विचारलं तर नुसता हसला.

तर बाहेर म्हणजे हरभट रोडच्या मागच्या एका बोळात, लाकडी जिना चढून वर. पाटी नाही. आईच्या मैत्रिणीनं सांगितलं म्हणून सापडलं. आधी खालीच बसायचे, २०१९ च्या पुरात सगळं पाण्यात गेलं तेव्हापासून माडीवर. एवढीशी खोली, काका, दोन बंगाली पोरं आणि कोपऱ्यात गाठवायचं काम करणाऱ्या एक काकू, आणि काकांच्या पुढ्यात पिशवी कुठली पडलेली तर त्याच शोरूमची! मी बघितलं, काकांनी मी बघितलेलं बघितलं, पिशवी मांडीखाली गेली.

काम मात्र नाद खुळा. सुट्या मण्यांसकट माझ्यासमोर वजन केलं, १८ ग्रॅम ४६० मिली, वहीत लिहिलं, मला चिठ्ठी दिली. मग कडी भिंगाखाली धरली आणि भडकलेच, "कुठल्या गाढवानं कथील लावलंय हो ताई, सोन्याला कथील लावतात व्हय!" म्हणजे मागं कधीतरी कुणीतरी घाईत कथलाचा टाका मारलेला, आणि ते तसंच तापवलं की कथील सोन्यात शिरतं, सोन्याला खड्डे पाडून खातं, म्हणून आधी ते सगळं कानशीनं खरवडून काढायचं आणि मगच झाळायचं (म्हणजे सोन्याचा टाका लावायचा). अर्धा तास नुसतं खरवडणं चाललं होतं. मण्यांची भोकं झिजून त्यांना धार आलेली, दोरा त्यानंच तुटत होता, तर काकूंनी एकेक मणी घेऊन भोक गुळगुळीत केलं. एकेक! किती मणी असतात ठुशीला माहितीये ना.

मी तिथंच बसून राहिले (स्टूल एकच आहे, तो पण डुगडुगतो) आणि तोंड गप्प बसत नाही म्हणून त्यांना फाबर्जेचं सांगायला लागले, मला त्याचं लय वेड आहे. रशियाच्या झारचा सोनार, १८८५ पासून झारच्या घरच्यांसाठी ईस्टरची रत्नजडित अंडी करून द्यायचा, ५० अंडी दिली. पण फाबर्जे स्वतः काही बाकावर बसून ती घडवत नव्हता. सेंट पीटर्सबर्गला त्याच्या हाताखाली मुख्य कारागीर होते, त्यातला पेरखिन हा खेड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा, १९०३ ला तो गेल्यावर विगस्ट्रॉम आला, तो फिनलंडचा. १८९७ च्या अंड्यातली ती बोटाएवढी सोन्याची बग्गी आहे ना, ती करायला श्टाईन नावाच्या कारागिराला सव्वा वर्ष लागलं म्हणतात. काकांनी मोबाईलवरचा फोटो भिंगातून बघितला (स्क्रीनला भिंग लावून काय दिसणार, पण लावलं). चाकं बघून म्हणाले, "डोळे गेले असतील त्याचे." मग विचारलं, "मग ह्याच्यावर शिक्का कुणाचा?"

भारी प्रश्न होता, कारण तिथं दुकानाच्या नावासोबत मुख्य कारागिराची अक्षरं पण ठोकायची पद्धत होती. आपल्याकडे बघा, माझ्या अंगठीवर बीआयएसचं (सरकारी मानक संस्थेचं) चिन्ह आहे, शुद्धतेचं २२के९१६ आहे, सहा अक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर) आहे, तो बीआयएसच्या ॲपमध्ये टाकला की दुकान कळतं, हॉलमार्किंग सेंटर कळतं, आणि घडवणारा? तो बाहेर असतो! अर्थात तिकडं तरी सगळ्यांचं नाव कुठं आलं. फाबर्जेकडं आल्मा पील म्हणून मुलगी होती, विशी-पंचविशीतली, १९१३ चं बर्फासारखं विंटर एग तिच्या कल्पनेतलं, कारखान्याच्या खिडकीवर जमलेलं हिम बघून सुचलेलं. डिझाईन तिचं पण शिक्का तिचा नाही. क्रांतीनंतर फिनलंडला जाऊन शाळेत चित्रकला शिकवत राहिली, पोरांना पत्ता पण नाही आपल्या बाई कोण ते. ते अंडं २००२ ला लिलावात ९५ लाख डॉलरच्या वर गेलं. हे ऐकून काकूंनी मान वर न करता विचारलं, "तिला पगार किती होता?" मला माहीत नव्हतं.

तक्रारी पण लिहिते. तीन दिवस सांगितलेले, नऊ लागले, फोन उचलत नाहीत. जिना अंधारा, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. घ्यायला गेले तेव्हा वजन १८ ग्रॅम ४१० भरलं, मी तोंड उघडायच्या आत काकांनी खरवडलेलं कथील पुडीत बांधून समोर ठेवलं, "हे तुमचं." मजुरी ८५०, शोरूमच्या नव्या डिझाईनची घडणावळ आठवून मला लाजच वाटली, हजार दिले तर दीडशे परत केले.

जाताना म्हटलं काका, कडीच्या आतल्या बाजूला तुमचं एक अक्षर ठोका की. तर म्हणाले, "नको ताई. उद्या कोण उघडंल आणि गाढव कुणाला म्हणायचं ते त्याला कळंल."

अमावास्येला बंद असतं, दुपारी दीड ते तीन जेवायला जातात. डबी घरून न्या, तिथं कागदाची पुडीच मिळते. बोळाच्या तोंडाशी सकाळी झारेकरी (सोन्याचे कण शोधणारे) गटाराकडंचा कचरा झाडत बसलेले असतात, ते दिसले की डावीकडचा जिना.