दाखवला एक, बांधून दिला दुसरा

गोव्याच्या किनाऱ्यावरच्या बाजारात हल्ली ट्रायलोबाइटच्या, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री जीवाच्या जीवाश्माच्या, लाद्या दिसतात. हौशी मंडळींनी घेण्याआधी हे वाचावं, कारण मला तिथे 4,500 रुपयांचा चुना लागला आहे.

विक्रेत्याने शेजारच्या पर्यटकाला ‘मोरोक्कोचा माल’ सांगितलं. मी मराठीत बोलतोय म्हटल्यावर मला मात्र ‘आपल्या सत्तरीच्या डोंगरातला, खास!’ ही शुद्ध थाप. गोव्याचे बहुतेक खडक 200 कोटी वर्षांहून जुने. सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कडेला दक्खनचा काळा पाषाण आहे, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ट्रायलोबाइट समुद्रात वावरले ते सुमारे 52 ते 25 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे एक खडक फार आधीचा, दुसरा फार नंतरचा. भारतात ते खडकात बघायचे तर स्पिती, काश्मीर अशा हिमालयातल्या जागा गाठाव्या लागतात.

लादी मात्र अस्सल होती, मोरोक्कोचीच. भिंगातून नीट पाहिली. करड्या चुनखडकात काळा फॅकॉप्स (ट्रायलोबाइटचाच एक प्रकार), डोळ्यातली बारीक भिंगं रांगेने सुटी सुटी दिसणारी, आणि खडकातली भेग थेट त्याच्या धडातून आरपार गेलेली. ही भेग चांगली खूण. दगड फोडताना आतला जीवही दुभंगतो, मग कारागीर तुकडे चिकटवून वरचा खडक हळूहळू टोकरून काढतात. भाव ठरला, पैसे यूपीआयने दिले. त्याने लादी मांडणीखाली नेली, वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टीने गच्च बांधली. “घरी जाऊनच सोडा हं, नाजूक आहे,” असं वर बजावलंही.

घरी सोडली तर भेग गायब! आकार तोच, वळण तेच, पण डोळ्याच्या जागी गुळगुळीत फुगवटा. कडेला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं, म्हणजे साच्यात राळ ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला, काळा रंग कापसावर उतरला. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये, खऱ्या तुकड्यांवरही डागडुजीचा रंग असतो. म्हणून मागच्या ‘खडकात’ तापवलेली सुई टोचली. ती लोण्यात शिरावी तशी आत गेली आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला.

परत गेलो तर मघाचं गोड मराठी विसरून स्वारी कोंकणीवर आली, “हो माल म्हजो न्हय.” म्हणजे हा माल माझा नाही. पावती नव्हतीच. यूपीआयच्या नोंदीत रक्कम दिसते, काय घेतलं ते थोडंच दिसतं? बाजूच्या माळावाल्याने सगळं पाहिलं होतं, पण विचारल्यावर तो माळा नीट लावण्यात गुंग.

मला दाखवलेली भेगेची लादी मांडणीवर तशीच होती आणि एक कॉलेजचा पोरगा तिचा भाव करत होता. त्याला म्हटलं, “घ्यायची तर बाबा, आधी भेगेचा फोटो काढ आणि गुंडाळायला परत त्याच्या हातात देऊ नकोस.” पोराने मोबाइल काढताच विक्रेत्याने लादी उचलली. म्हणे ही विकायची नाही, नुसती दाखवायला ठेवली आहे.