नववी-दहावी गणिताचा क्लास: रिव्ह्यू मार्कांचा नाही, सरांचा

मुलगी नववीपासून या क्लासला जातेय. मार्क किती वाढले ते लिहीत बसत नाही, ते सगळेच विचारतात. मला सरांबद्दल लिहायचंय, कारण या वयातल्या मुलांशी कसं वागावं हे त्यांना खरंच कळतं.

आधी पेपर वाटायची पद्धत सांगते. मार्क पहिल्या पानावर नसतातच, आत शेवटी लिहिलेले असतात आणि पेपर पालथा करून हातात देतात. हायेस्ट कोण, नापास कोण असलं काही मोठ्याने वाचणं नाही. चौदा वर्षांच्या पोराचा चारचौघांत अपमान झाला की तो विषयच त्याच्या मनातून उतरतो हो, आणि हे बऱ्याच शिक्षकांच्या गावीही नसतं. आधीच्या क्लासमध्ये कमी मार्कवाल्यांना उभं करायचे, तेव्हा टेस्टच्या दिवशी हिच्या पोटात दुखायला लागायचं.

दुसरं म्हणजे प्रश्न विचारून सर थांबतात. डेमोला पालकांना मागे बसू देतात तेव्हा बघितलं. एका मुलाला विचारलं हा कोन किती, तो गप्प, बाकीच्यांचे हात वर, एकजण तर उत्तर सांगायलाच लागला, सरांनी त्याला हातानेच थांबवलं आणि शांत उभे राहिले. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "रेषा समांतर आहेत ना... मग व्युत्क्रम कोन... सत्तर?" बरोबर होतं! यावर संशोधनही झालंय. मेरी बड रोव या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातली रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले की मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात, एरवी न बोलणारीही बोलतात. फक्त ३ सेकंद!

आणि ज्यामुळे हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते आता. मध्ये एकदा सरांचा फोन आला, मला वाटलं अभ्यासाची तक्रार असेल. म्हणाले, "अभ्यासाचं काही नाही ताई, पण हल्ली ती मैत्रिणींना सोडून शेवटच्या बाकावर एकटी बसते, घरी काही बोलली का?" आम्हाला काहीच कल्पना नव्हती. मैत्रिणींच्या ग्रुपमधून हिला काढलं होतं. सरांनी वर्गात तो विषय काढला नाही, उगाच उपदेश केला नाही, मला एवढंच म्हणाले की हे माझं काम नाही, पण शाळेत काउन्सेलर असतील तर भेटा. आम्ही भेटलो, उपयोग झाला. साठ मुलांच्या बॅचमध्ये एका मुलीचा बाक बदललाय हे लक्षात येणं, याचे कुठे मार्क मिळत नाहीत, पण मला तरी शिक्षक असाच हवा.

बाकी नोट्स ठीक, वर्ग स्वच्छ.

आता उणीव. थांबत थांबत शिकवतात त्यामुळे पोर्शन उशिरा संपतो, शाळेच्या युनिट टेस्टला एखादा चॅप्टर क्लासमध्ये झालेलाच नसतो, तो घरी करून घ्यावा लागतो. ऑफिसवाले फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. सरावाचे भरपूर पेपर आणि दर आठवड्याला रँक हवी असेल तर इथे ते मिळणार नाही. डेमो मात्र आधीच्या बॅचसोबत बसूनच बघा, नवीन मुलांसाठी वेगळा घेतात त्यात यातलं काही दिसत नाही.