चेक-इन काउंटरवरच्या इंग्रजीचा सराव : काही महिन्यांच्या वापरानंतर

विमानतळावर सामान जमा करताना लागणाऱ्या इंग्रजी संभाषणाचा सराव करून घेणारे एक अ‍ॅप मी गेले काही महिने वापरत आहे. मधल्या काळात प्रत्यक्ष प्रवासही घडल्यामुळे त्यातले काय कामी येते आणि काय नाही, हे आता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल. अ‍ॅपमध्ये काउंटरवरील कर्मचाऱ्याचा आवाज प्रश्न विचारतो आणि आपण प्रवासी म्हणून बोलून उत्तर द्यायचे असते.

बोलण्यापेक्षा ऐकण्याची तयारी करून घेणे, ही याची सर्वांत जमेची बाजू. काउंटरवर लांबलचक वाक्ये बोलावी लागतच नाहीत. अडते ते समोरच्याचे घाईतले, अर्धवट बोलणे न कळल्यामुळे. सुरुवातीला ‘हाउ मेनी बॅग्ज वुड यू लाइक टु चेक इन?’ असे पूर्ण वाक्य येते, तर वरच्या पातळीवर उद्घोषणांच्या गोंगाटात नुसते ‘एनी बॅग्ज?’ एवढेच. प्रत्यक्षात बहुधा हे दुसरेच कानी पडते.

सुरक्षेच्या प्रश्नांचा धडा तर मला विशेष आवडला. ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का?’ याचे उत्तर ‘येस’ आणि ‘कोणी काही न्यायला दिले आहे का?’ याचे ‘नो’, पण अ‍ॅप क्रम बदलत राहत असल्याने पाठांतरावर निभावत नाही. त्यातही ‘यू डोन्ट हॅव अ पॉवर बँक इन हिअर, डू यू?’ असा नकारार्थी प्रश्न आला की आपण मराठीच्या सवयीने ‘हो, नाही’ या अर्थाने ‘येस’ म्हणून मोकळे होतो आणि बॅग उघडण्याची वेळ येऊ शकते; तिथे ‘नो, इट्स इन माय हँड बॅगेज’ हेच तोंडात बसवावे लागते. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही आणि 100 वॉट-तासांपेक्षा मोठी असल्यास विमान कंपनीची परवानगी लागते, ही माहिती त्याच संवादात ओघाने येते, हेही चांगले.

वजनाच्या धड्याबाबत मात्र मी समाधानी नाही. काही तिकिटांवर एकूण वजनाची मर्यादा असते, तर काहींवर बॅगांची संख्या आणि प्रत्येक बॅगेचे वेगळे वजन, जे इकॉनॉमीत बरेचदा 23 किलो असते. दुसऱ्या प्रकारात एक बॅग 26 किलोची आणि दुसरी 15 किलोची असली, तरी जादा वजनाचा प्रश्न उभा राहतो. अ‍ॅप दोन्ही बॅगांची बेरीज करून ‘दॅट्स फाइन’ म्हणत पुढे जाते. त्यामुळे ‘कॅन आय मूव्ह सम थिंग्ज टु द अदर बॅग?’ हे अत्यंत उपयोगी वाक्य तिथे कधी येतच नाही.

उच्चार ओळखण्यात ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांचा घोळ अजूनही होतो, पण तो माणसांचाही होत असल्याने आकडे सुटे करून, ‘वन थ्री’ असे सांगणे बरे.

जोडविमानाचा धडा अगदीच उरकलेला आहे. ‘इज माय बॅग चेक्ड थ्रू?’, म्हणजे बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाईल का, या प्रश्नाला अ‍ॅप नेहमी होकारच देते. अमेरिकेत मात्र परदेशातून आल्यावर पहिल्याच विमानतळावर साधारणपणे बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते. त्यामुळे ‘व्हेअर डू आय कलेक्ट इट?’ हे मी स्वतःच जोडून घेतले आहे, आणि बॅगेला लावलेल्या टॅगवरील तीन अक्षरी विमानतळ-संकेत काउंटर सोडण्यापूर्वी वाचून घेतो.