करारावर सही होण्याआधी इथं जाऊन या

बजाजनगरात एका निवृत्त कामगार प्रतिनिधींचं छोटं सल्ला कार्यालय आहे. आमचा वेतन करार संपत आला होता. कंपनीनं एकरकमी पैसे देऊन तोच वर्षभर वाढवायचा प्रस्ताव ठेवला आणि युनियनची कमिटी सहीला तयार झाली. सभासदांना विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. म्हणून आम्ही चौघं सेकंड शिफ्टच्या आधी या काकांकडे गेलो.

काकांनी करार बाजूला ठेवून आधी युनियनची घटना, म्हणजे नियमावली, मागितली. लाल पेनानं एका ओळीखाली रेघ मारली: करार किंवा मुदतवाढ सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनेच. सभासदांचं मतदान कायद्यात सक्तीचं नाही, ते आपल्या घटनेत असावं लागतं, हे तिथं कळलं. मुदत संपली की सवलती बंद, ही भीतीही खोटी निघाली. आमचा करार 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा होता; तो कायदा 2025 मध्ये रद्द झाला. त्याच्या कलम 19 प्रमाणे करार मुदतीनंतरही, तो संपवायची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत बंधनकारक राहायचा. मग सहीची एवढी घाई कशाला? एकरकमी रकमेनं बेसिक (मूळ पगार) वाढत नाही, म्हणून ग्रॅच्युइटीही वाढत नाही, हे त्यांनी आमच्या पगारपत्रकावरच आकडे मांडून दाखवलं.

फी 300 रुपये. बसायला बाकडं एकच, रविवारी बंद. शिफ्टवाल्यांची अडचण होते, ती वेळ बदलायलाच हवी.

सभा लागली, गुप्त मतदान झालं, मुदतवाढ नामंजूर. नवं मागणीपत्रही काकांकडूनच तपासून घेणार आहोत. जाताना घटनेची प्रत सोबत न्या.