मिरजेचा तंबोरा, पट्टी काळी एक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो: वाद्य सुरेख आहे, पण एकाच पट्टीत (पेटीची जी पट्टी षड्ज धरायची तिच्यावरून नाव: काळी एक म्हणजे पहिली काळी). विकताना "काळी एकपासून पांढरी तीनपर्यंत कुठेही लावा" असं सांगतात, त्यावर विसंबू नका. चार तारी पुरुषी (पुरुषांच्या आवाजाचा) तंबोरा, तुणीच्या लाकडाची दांडी, हाडाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती). जोडीला (मध्य षड्जाच्या दोन तारांना) 28 गेजचं, म्हणजे जाडीचं, पोलाद, खर्जाला (खालच्या षड्जाच्या तारेला) 22 गेजचं पितळ. काळी एकला या दोन्हींवर जवळजवळ सारखाच, सहा-सात किलोंचा ताण येतो आणि वाद्य समतोल बोलतं. तेच पांढरी तीनला चढवलं की ताण चाळीस टक्क्यांनी वाढतो, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) दबते, जवारी (घोडीच्या माथ्याचा घासून आणलेला उतार, ज्याने तार झणकारते) आवळते. खाली काळी पाचला उतरवलं तर तारा सैल पडून घोडीवर नुसत्या फडफडतात. पट्टी बदलायची असेल तर तारांचे गेज बदला, नाहीतर दुसरं वाद्य घ्या.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण जवारी हे हाताचं काम, ती दर वाद्यात वेगळी येते. घेताना आपल्या पट्टीत लावून, निदान दहा मिनिटं छेडून बघावी.

लावण्याचा क्रम: आधी जोडीची एक तार, मग दुसरी, मग खर्ज, शेवटी पंचम. खुंटीने सूर किंचित खालीच ठेवायचा आणि वरचं काम घोडीमागे तारेत ओवलेल्या मण्याने करायचं. मणी लंगोटाकडे (तारांची खालची टोकं जिथे बांधतात तिकडे) सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. नवी तार पहिले काही दिवस उतरतच राहते, तेव्हा मण्याशी झटापट करू नये. सगळ्यात जास्त चूक होते ती छेडण्यात. लावताना तार जोरात ओढतात आणि गाताना हळू छेडतात. जोरात छेडलेली तार सुरुवातीला चढी वाजते, मग खाली येऊन स्थिरावते. म्हणून ज्या हाताने वाजवणार त्याच हलक्या हाताने लावा, बोटाच्या मांसल भागाने, आणि छेडल्यावर क्षणभर थांबून मगच ऐका.

मोबाइलवरचा ट्यूनर षड्ज घेण्यापुरता ठीक. 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाने काळी एकचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झ. साथीला पेटी असेल तर मात्र षड्ज पेटीचाच घ्यावा, प्रत्येक पेटी 440ला असतेच असं नाही. पंचम ट्यूनरवर लावू नका. ट्यूनरचा पंचम समान अंतरांच्या सप्तकातला, शुद्ध पंचमापेक्षा दोन सेंट उतरलेला (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ऐकायला हे काहीच नाही, पण या तंबोऱ्यावर साधारण दर दोन सेकंदांनी एक लहर येते: जोड आणि पंचम एकत्र घुमत असताना आवाज फुगतो, बसतो, परत फुगतो. मणी केसभर लंगोटाकडे नेला की लहर लांबत जाते आणि नाहीशी होते. तिथे पंचम लागला. खर्जातून निघणारा गंधार तर पेटीच्या गंधारापेक्षा चौदा सेंट खाली असतो. तो स्पष्ट ऐकू येऊ लागला की खर्ज जागेवर आला असं समजावं.

पंचम नसलेल्या मालकंस रागासाठी पंचमाची तार मध्यमावर उतरवली की तिचा ताण वीस टक्क्यांनी घटतो, दांडी तेवढी मोकळी होते आणि बाकीच्या तारा थोड्या चढतात. म्हणजे एकच तार बदलली तरी चारही पुन्हा तपासायच्या.

आता जवारीचं सूत. साधा सुती दोरा पुरतो. तार लागल्यावर दोरा घोडीवर तारेखालून घालून हळूहळू सरकवायचा. बराच वेळ आवाज मुका येतो, टक् टक् असा. मग एका जागी तार अचानक उघडते आणि झणकार लांबवर पसरतो. ती जागा गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा रुंद नसते. अर्धा सूर खाली-वर केलं तरी ती हलते, पावसाळ्यात तर आपोआप हलते. जोडीच्या दोन्ही तारांची जवारी सारखी उघडली नाही तर सूर जुळूनही त्या वेगळ्या भासतात, आणि लोक उगाच खुंटी पिळत बसतात.

तक्रार एकच, खुंट्यांची. उन्हाळ्यात तिसरी खुंटी घसरत होती. खडूची पूड लावून आत दाबत पिळल्यावर थांबली. जुलैत तीच फुगून अडकली. अशा वेळी जोर लावू नये, नाहीतर दांडीला चीर जाते. खोली कोरडी करून एक दिवस थांबावं. गवसणी घालून ठेवलेल्या वाद्याला हा त्रास कमी होतो, पंख्याखाली उघड्या ठेवलेल्याला जास्त.

नऊ महिन्यांत जोडीच्या पोलादी तारांखाली घोडीवर बारीक चरे पडले आहेत. सूत कुठेही सरकवलं तरी आवाज खरखरीतच येऊ लागला की जवारी काढायची वेळ झाली. पॉलिश पेपर घेऊन घरी घासू नका. कारागिराकडे वाद्य तारांसकट न्या आणि आपली पट्टी आधी सांगा, कारण जवारी त्या पट्टीच्या ताणावरच काढली जाते.